परदेशातून कॉम्प्युटरचं सामान मागवताना: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या दुकानदारानं "हे आपल्याकडं येत नाही, बाहेरनं बघा" असं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. लोक जे विचारतात, साधारण त्याच क्रमानं ते इथं घेतले आहेत. ड्युटीचे, म्हणजे आयातशुल्काचे, दर अर्थसंकल्पात हलत असतात. त्यामुळं आकड्यांपेक्षा हिशेबाची रीत लक्षात ठेवा आणि मागवण्याच्या दिवशीचा दर त्यात घाला.

फॉरवर्डर म्हणजे नेमका कोण?

अमेरिकेतली, जपानमधली बरीच दुकानं भारतात माल पाठवत नाहीत. फॉरवर्डर तुम्हाला त्या देशातला एक पत्ता भाड्यानं देतो. पत्त्यात तुमच्या नावापुढं एक क्रमांक असतो, त्यावरून गोदामातल्या माणसाला पार्सल तुमचं आहे हे कळतं. दुकानाच्या लेखी माल त्यांच्याच देशात पोचला, व्यवहार संपला. पुढं गोदामात त्याचं वजन होतं, फोटो निघतात आणि तुम्ही पैसे भरले की तो कुरिअरनं भारताकडं निघतो.

अमेरिकेतला पत्ता घेताना ओळखपत्र मागतात आणि बहुतेक ठिकाणी तिथल्या टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात फसवणूक नाही. दुसऱ्याच्या नावाचं टपाल स्वीकारणाऱ्याला तिथं हा फॉर्म घ्यावाच लागतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: फॉरवर्डर हा विक्रेता नाही. खोक्यात चुकीची रॅम निघाली तर तो फोटो काढून देईल, फार तर दुकानाकडं परत पाठवायचे पैसे सांगेल. भांडण तुमचं आणि दुकानाचं.

दुकान थेट भारतात पाठवत असेल तरी फॉरवर्डर घ्यावा का?

नाही. अमेझॉनच्या अमेरिकन साइटवरच्या काही वस्तू थेट भारतात येतात आणि आयातशुल्काची अंदाजे रक्कम ऑर्डर करतानाच घेतली जाते, प्रत्यक्षात कमी लागलं तर फरक परत येतो. दारात येईपर्यंतची किंमत आधीच कळते, याचं मोल फार आहे. चार दुकानांतून चार वस्तू घेऊन एका खोक्यात आणायच्या असतील, किंवा दुकान भारताचं नावच घेत नसेल, तेव्हाच फॉरवर्डरकडं जा.

कोणतं सामान या मार्गानं आणणं परवडतं?

हलकं, लहान, महाग आणि आपल्याकडं न मिळणारं. या चारांतल्या निदान तीन अटी बसल्या पाहिजेत.

मिनी आयटीएक्स म्हणजे अगदी छोट्या आकाराच्या मदरबोर्डची एखादी खास आवृत्ती, छोट्या कॅबिनेटमध्ये कार्ड बोर्डापासून बाजूला बसवायला लागणारी रायझर केबल, दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच आणि कीकॅप, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना लागणारं व्हिडिओ कॅप्चर कार्ड, जुन्या मशीनचा नेमका एखादा भाग. हे सगळं तळहातावर मावतं आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातसुद्धा हमखास मिळेल असं नाही.

कॅबिनेट, मॉनिटर, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा), लिक्विड कूलर यांचा नाद सोडा. बाजारात रोज मिळणारं ग्राफिक्स कार्डसुद्धा बहुतेक वेळा परवडत नाही. "अमेरिकेत एवढ्या डॉलरला आहे" हा आकडा गुणिले डॉलरचा भाव केला की स्वस्त दिसतं खरं, पण तो आकडा कोल्हापूरचा नसतो. शिवाय अमेरिकेनं २०२५ मध्ये आयातकर वाढवले आणि लहान पार्सलांची करमाफीही त्याच वर्षी ऑगस्टअखेर सगळ्या देशांसाठी बंद केली. म्हणजे चीनमध्ये तयार झालेला कीबोर्ड अमेरिकेतल्या दुकानातून घेतलात तर तिथला कर किमतीत भरायचा आणि इथला पुन्हा वेगळा. माल कुठं बनतो ते आधी बघा.

मागवण्यापूर्वी राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानदाराला मॉडेल नंबर देऊन ठेवा. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस असे त्यांचे धागे असतात, आणि वितरकाकडं पडून असलेली एखादी वस्तू आठ-दहा दिवसांत येते. बिलासकट, वॉरंटीसकट.

दारात येईपर्यंत एकूण किती पडतं?

सगळ्यात जास्त चुकतो तो हाच हिशेब, म्हणून जरा सविस्तर.

समजा २०० डॉलरचा मदरबोर्ड आहे. डॉलर ९० रुपयांना धरू, म्हणजे वस्तू १८,००० रुपयांची. फॉरवर्डरपासून कोल्हापूरपर्यंतचं भाडं ३८ डॉलर, म्हणजे ३,४२० रुपये. कस्टम्सवाले ड्युटी नुसत्या वस्तूवर लावत नाहीत. वस्तू, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लावतात. विम्याचा आकडा माहीत नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, इथं ते साधारण २०२ रुपये होतात. विमानानं आलेल्या मालाचं भाडं मात्र या हिशेबात वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. आपलं भाडं त्या आत आहे. बेरीज झाली २१,६२२ रुपये. ड्युटी हिच्यावर.

वैयक्तिक वापराच्या पार्सलवर दर कसा बनतो? आधी मूळ सीमाशुल्क, मग त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत धरून या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी २८ टक्के असताना एकूण ४२.०८ टक्के होत होते. हा आकडा कित्येकांच्या जुन्या पावत्यांवर दिसेल. मूळ शुल्क ३५ टक्के असताना तोच आकडा ७७.२८ होत होता. आयजीएसटी १८ टक्के धरला आणि मूळ शुल्क १० टक्के, तर ३०.९८.

४२.०८ टक्क्यांनी आपल्या मदरबोर्डवर ९,०९९ रुपये लागतात, ३०.९८ टक्क्यांनी ६,६९९. त्यावर कुरिअर कंपनी तुमच्या वतीनं आधी ड्युटी भरल्याचं शुल्क लावते. ते ७०० रुपये आणि त्यावर जीएसटी धरला तर ८२६. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्के आणि त्यावर पुन्हा जीएसटी, मिळून ८८५ रुपये. बेरीज करा: १८,००० चा बोर्ड दारात ३२,२३० ला पडला, कमी दरानं २९,८३० ला.

दर नक्की माहीत नसेल तर सरळ ४० टक्के धरून चाला. कमी लागले तर त्या पैशात मिसळ खा.

पण कॉम्प्युटरच्या भागांवर ड्युटी शून्य असते असं ऐकलंय, ते खोटं का?

खोटं नाही, अर्धवट आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराप्रमाणं मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर अशा बऱ्याच भागांवर भारत मूळ सीमाशुल्क लावत नाही. दरपत्रकातल्या त्यांच्या स्वतःच्या शीर्षकाखाली, म्हणजे वर्गाखाली, माल आला तर फक्त १८ टक्के आयजीएसटी लागतो.

घोळ असा आहे की सीमाशुल्क दरपत्रकाच्या शेवटी ९८ वं प्रकरण आहे. त्यातलं ९८०४ हे शीर्षक पोस्टानं किंवा विमानानं वैयक्तिक वापरासाठी आलेल्या मालाचं. आणि त्या प्रकरणाच्या टिपेत स्पष्ट म्हटलंय की एखाद्या वस्तूसाठी दुसरीकडं जास्त नेमकं शीर्षक असलं तरी इथल्या अटी पूर्ण होत असतील तर हेच प्रकरण लागू. म्हणून तुमचा मदरबोर्ड कस्टम्सच्या लेखी मदरबोर्ड राहत नाही, "वैयक्तिक वापराची वस्तू" होतो.

प्रत्यक्षात काही पार्सलं १८ टक्क्यांनी सुटतात, काही नाहीत. कुरिअरचा माणूस कागद कुठल्या शीर्षकाखाली भरतो यावर ते असतं. एकाचं १८ टक्क्यांत सुटलं म्हणून तुमचंही सुटेल असं धरून ऑर्डर टाकू नका.

गिफ्ट लिहायला सांगितलं तर?

हा सल्ला अजून फिरतोय, बहुधा जुन्या आठवणीतनं. १२ डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या मालाला करमाफी मिळत नाही. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा नाही. पूर्ण ड्युटी भरून भेट आणता येते, पण मग गिफ्ट लिहून साधलं काय?

आणि किंमत कमी लिहिली तर?

लिहू नका. दुकानाची पावती, कार्डाचा व्यवहार आणि वेबसाइटवरची किंमत या तिन्ही गोष्टी अधिकारी मिनिटात ताडून बघतो. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो, ११२ खाली दंड. त्यात विमाही लिहिलेल्या किमतीएवढाच मिळतो. ३०० डॉलरचं कार्ड ५० डॉलर लिहून आणलं आणि वाटेत हरवलं, तर भरपाई ५० ची. काही फॉरवर्डर स्वतःहून "किती लिहू?" असं विचारतात. असा फॉरवर्डर सोडून द्या.

ओरेगनचा पत्ताच का घ्यायला सांगतात?

अमेरिकेत विक्रीकर राज्यागणिक वेगळा. ओरेगन, डेलावेअर, मोंटाना आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत तो नाहीच. कॅलिफोर्नियात किमान ७.२५ टक्के, फ्लोरिडात ६ टक्के आणि वर स्थानिक कर. माल गोदामात उतरला की कर तिथंच लागतो, तो परत मिळत नाही. म्हणून पोर्टलंडच्या आसपास फॉरवर्डरांची गोदामं आहेत.

युरोपचं गणित त्यामुळंच सहसा बसत नाही. ब्रिटनच्या पत्त्यावर २० टक्के, जर्मनीत १९ टक्के व्हॅट किमतीतच असतो. जपानमध्ये उपभोग कर १० टक्के. तिथल्या काही वस्तू मात्र तिथंच मिळतात, त्यासाठी लोक तो भरतात.

वजन दीड किलो, मग बिल पावणेनऊ किलोचं कसं?

आकारमानाचं वजन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा आणि ५,००० नं भागा. आलेला आकडा आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त, त्यावर भाडं. ग्राफिक्स कार्डचं मूळ खोकं ४० बाय २५ बाय १२ असेल तर २.४ किलो. तेच खोकं गोदामातल्या माणसानं हाताला आलेल्या ५० बाय ३५ बाय २५ च्या खोक्यात टाकलं की झाले ८.७५ किलो, आणि त्यातलं तीन चतुर्थांश तुम्ही हवेचं भाडं भरता. रिकामं कॅबिनेट का आणू नये हे याच्यावरून कळावं: ५० बाय ३० बाय ५५ च्या खोक्याचे साडेसोळा किलो होतात, वजन आठ असलं तरी.

म्हणून पाठवण्यापूर्वी शेवटच्या खोक्याची मापं मागून घ्या. तीन-चार पार्सलं एकत्र बांधून घेतल्यानं भाडं वाचतं, दुकानांची बाहेरची खोकी काढून टाकायला सांगितल्यानं आणखी वाचतं. पण वस्तूचं मूळ खोकं आणि आतली अँटिस्टॅटिक पिशवी काढायला कधीच सांगू नका. मदरबोर्डच्या सॉकेटमधली एक पिन वाकली की वाचवलेलं सगळं भाडं त्या पिनेला गेलं.

कार्ड चालतच नाही. ऑर्डर आपोआप रद्द होते.

आधी बँकेच्या ॲपमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते स्वतः सुरू करून मर्यादा ठेवावी लागते.

तरीही रद्द होत असेल तर दुकानाला संशय आलाय. कार्ड भारतीय, पावतीचा पत्ता मंगळवार पेठ, माल मात्र पोर्टलंडच्या गोदामाला. चोरीच्या कार्डांचे व्यवहारही असेच दिसतात. शिवाय अमेरिकन दुकानं पावतीचा पत्ता बँकेकडून पडताळून घेतात आणि भारतीय बँकांच्या कार्डांबाबत ती पडताळणी अनेकदा होतच नाही. पावतीचा पत्ता खराच द्या, गोदामाचा देऊन हुशारी करू नका. पेपॅलवर कार्ड जोडून बऱ्याच ठिकाणी काम होतं. नाहीतर दुकानाला आधी ईमेल करा. काही फॉरवर्डर तुमच्या वतीनं खरेदीही करून देतात, त्याचं शुल्क वेगळं, आणि मग पावती कुणाच्या नावाची येणार ते आधी विचारा. वॉरंटीला लागते.

पार्सल उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरतं का? तिथं जाऊन सोडवता येईल?

नाही. परदेशी कुरिअरचा माल मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरूसारख्या ठिकाणी सीमाशुल्कातून सुटतो, नंतर देशांतर्गत पार्सलासारखा इकडं येतो. पोस्टानं आलं तर मुंबईच्या विदेश डाकघरातून. तुम्हाला फक्त केवायसी भरायची असते: आधार, पॅन किंवा पासपोर्ट, आणि पावती. लिंक एसएमएसनं येते, तिला लोक फसवणूक समजून पुसून टाकतात आणि पार्सल तिथं साठवणुकीचं भाडं खात बसतं. खरी आहे का हे बघायचं असेल तर एसएमएसमधली लिंक न दाबता कुरिअरच्या साइटवर आपला ट्रॅकिंग नंबर घाला. ओळखपत्रावरचं नाव आणि पार्सलवरचं नाव तेच हवं. "पिंट्या पाटील" या नावानं मागवलेलं पार्सल केवायसीत अडकतं.

मुंबईत ड्युटी भरली की पुढं काही नाही. जकात गेली, एलबीटी गेला, टोल तर आपण घालवलाच.

ड्युटी चुकीची लावली असं वाटलं तर?

कुरिअरकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडं भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागा. ती देणं त्यांचं काम आहे. त्यात चार गोष्टी बघा: शीर्षक कुठलं लावलं, किंमत किती धरली, विनिमय दर कुठला, भाडं दोनदा तर धरलं नाही ना. चूक दिसली तर पैसे भरण्याआधी बोला. नंतर अपील करता येतं, कलम १२८ खाली ६० दिवसांत, पण दोन-तीन हजारांसाठी कोण करतो ते? वस्तू महाग असेल तर करावं.

लॅपटॉप मागवला तर चालतो का?

ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन आणि छोट्या आकाराच्या कॉम्प्युटरांच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हा त्याच अधिसूचनेत पोस्टानं किंवा कुरिअरनं येणाऱ्या एका नगाला सूट ठेवली. ड्युटी भरून एक आणता येतो. दोन एकत्र नकोत.

घरचं कुणी अमेरिकेतनं येणार असेल तर त्याहून सोपं: १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सामानात शुल्कमुक्त आणता येतो. कुटुंबातल्या माणसाला सांगताना मात्र एवढं करा, लॅपटॉपच सांगा. जावईबापूंच्या बॅगेत मदरबोर्ड, दोन ग्राफिक्स कार्डं आणि केबलींचा गुंता भरलात तर विमानतळावर उत्तरं त्यांना द्यावी लागतात, आणि सासुरवाडीला ते शोभत नाही.

काय मागवूच नये?

सुटी लिथियम बॅटरी. १ एप्रिल २०१६ पासून ती प्रवासी विमानातून माल म्हणून जातच नाही, आणि बहुतेक फॉरवर्डर हातही लावत नाहीत. लॅपटॉपच्या आत बसवलेली वेगळी गोष्ट. मदरबोर्डवरच्या बटन सेलची काळजी करू नका.

ड्रोन तर नाहीच, फेब्रुवारी २०२२ पासून आयातबंदी आहे. ॲडॅप्टर, मॉनिटर, कीबोर्ड, पॉवर बँक यांसारख्या वस्तू भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत आणि वायफाय-ब्लूटूथवाल्या वस्तूंना दूरसंचार विभागाची मान्यता लागते. नोंदणी नसलेल्या कंपनीचा माल अडकू शकतो, विशेषतः नग एकाहून जास्त असतील तर. आपल्या मित्रमंडळासाठी सहा वायफाय कार्डं एका नावावर मागवली की ती वैयक्तिक वापराची आहेत हे कोण मानेल?

परदेशातलं जुनं सामान स्वस्त दिसतं. घेऊ का?

पूर्ण मशीन नको. वापरलेले कॉम्प्युटर आणि लॅपटॉप यांची आयात परकीय व्यापार धोरणात निर्बंधित आहे, परवान्याशिवाय येत नाहीत. सुटे भाग, जसं सर्व्हरमधून निघालेलं नेटवर्क कार्ड, लोक आणतात. विचारणा झाली तर निस्तरावं लागेल ही तयारी ठेवा. वापरलेल्या हार्ड डिस्क मात्र कुठल्याच कारणानं आणू नका. विमान, ट्रक, पुन्हा ट्रक, आणि पलीकडं तक्रार ऐकायला कुणी नाही.

११० व्होल्टचं सामान इथं जळेल का?

अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, महावितरणचे २३०. वस्तूच्या पाठीवर इनपुट १०० ते २४० असं छापलं असेल तर निर्धास्त लावा. आजकालचे बहुतेक ॲडॅप्टर असेच असतात. जुन्या एसएमपीएसच्या मागं ११५ आणि २३० चं लाल बटण असतं, ते ११५ वर ठेवून चालू केलं तर फटाका ठरलेला. जपानच्या घरगुती बाजारासाठी केलेल्या काही वस्तू फक्त १०० व्होल्टच्या असतात, त्या घेऊच नका.

वायर इथली घ्या. शंभर-दोनशे रुपयांत चांगली मिळते, तीन पिनांची. परदेशी वायरच पिन बदलायच्या ॲडॅप्टरवर चालवली की अर्थिंग गेलं.

वॉरंटीचं काय?

गेली असं धरा. ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, एसएसडी यांची वॉरंटी बहुतेक कंपन्या विकलेल्या प्रदेशापुरती ठेवतात. इथला वितरक सीरियल नंबर टाकतो आणि "हा माल आमचा नाही" म्हणून परत देतो. कंपनी अमेरिकेत दुरुस्त करून देते, पण तिथं पाठवायचं भाडं तुमचं, दुरुस्त होऊन आलेल्या मालावर इथं पुन्हा कस्टम्सचा कागद, आणि हे सगळं करेपर्यंत नवीन आवृत्ती बाजारात येते.

म्हणून दोन्ही किमतींची तुलना करताना वॉरंटीला पैशात धरा. माझा ठोकताळा असा: तीन वर्षांची वॉरंटी असलेली वस्तू इथं २० टक्के महाग मिळत असेल तरी इथंच घ्यावी. स्विच, केबल, कीकॅप यांना वॉरंटीची फारशी गरज नसते, हे त्या वस्तू या मार्गाला योग्य असण्याचं आणखी एक कारण.

शिरोलीला कारखाना आहे. डिझाइनसाठी वर्कस्टेशनचे भाग मागवायचेत. हाच मार्ग?

तुमचा हिशेब वेगळा, आणि बरा. फौंड्रीत कॅड आणि सिम्युलेशनसाठी लागणारं व्यावसायिक ग्राफिक्स कार्ड किंवा ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी मेमरी) कंपनीच्या नावानं आणा. आयात-निर्यात कोड पॅनवर निघतो, शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. पार्सलवर कंपनीचं नाव, कोड आणि जीएसटी क्रमांक असेल तर माल वैयक्तिक वापराचा ठरत नाही, स्वतःच्या शीर्षकाखाली येतो. वरच्या उदाहरणातल्या मदरबोर्डवर मग ९,०९९ किंवा ६,६९९ ऐवजी ३,८९२ रुपये आयजीएसटी लागतो, आणि नियमात बसत असेल तर त्याचं क्रेडिटही मिळतं. फॉरवर्डरला हे आधी सांगावं लागतं, काहींना फक्त वैयक्तिक पार्सलं जमतात.

एकाच प्रकारच्या मालाची किंमत २,५०० डॉलरच्या पुढं गेली की अमेरिकेतून निघताना निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंद करावी लागते. महागड्या कार्डांवर निर्यात नियंत्रणाचे प्रश्नही येतात. फॉरवर्डर वापर कशासाठी ते विचारेल, सरळ उत्तर द्या: साच्यांचं डिझाइन.

आणि हो, तुमच्या अकाउंटंटला आधी विचारा, नंतर नको.

फॉरवर्डर निवडताना काय बघायचं?

मोफत साठवणूक किती दिवस, खोकं बदलायचे आणि एकत्र बांधायचे पैसे किती, खोक्याची मापं आधी सांगतो का, कुरिअर निवडायला मिळतं का. कमी भाड्याच्या जाहिरातीपेक्षा हे महत्त्वाचं. काही स्वस्त मार्गांत ड्युटी धरलेली असल्याचं सांगतात. तेव्हा पावती तुमच्या नावाची मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर माल कुणाच्या नावानं आणि कसा आत आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पावसाळ्यात मागवू का?

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं बघून. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद राहिला, आणि तेव्हा गावात येणारी सगळी पार्सलं अलीकडं-पलीकडं अडकली. घाई नसेल तर फॉरवर्डरच्या गोदामातच माल राहू द्या, मोफत दिवस असतात ते यासाठीच वापरा. मागवलंच तर आतल्या वस्तूला प्लॅस्टिकचं वेष्टन घालायला सांगा, त्याचे एक-दोन डॉलर घेतात.

पार्सल आलं, आता?

डिलिव्हरीवाल्यासमोर बाहेरचं खोकं बघा. कोपरा चेपलेला, टेप दुसऱ्या रंगाची असेल तर सही करण्याआधी फोटो काढा आणि शेऱ्यात लिहा. उघडताना सलग व्हिडिओ घ्या, लेबलपासून सुरुवात करून सीरियल नंबर दिसेपर्यंत, मध्ये न थांबवता. विम्याचा दावा करायची मुदत थोडी असते, त्यामुळं वस्तू त्याच दिवशी लावून बघा. गणपतीत डेकोरेशनला वापरू म्हणून खोकं माळ्यावर टाकू नका. बाहेरचं खोकं आणि पॅकिंग निदान महिनाभर ठेवा, दावा केला तर ते बघायला मागतात.

कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजकडच्यांनी पत्त्यात जवळची खूण आणि चालू मोबाइल नंबर जरूर लिहावा. मोठ्या कुरिअर कंपन्या काही पिनकोडांना शेवटच्या टप्प्यासाठी दुसऱ्या कुरिअरला माल देतात आणि मग मूळ ट्रॅकिंग तिथंच थांबतं. कोल्हापूरच्या ऑफिसात फोन करून दुसऱ्या कुरिअरचा नंबर मागून घ्या, माल बहुतेक तिथंच तुमची वाट बघत असतो.